जुन्या पिकअपला नवा टेप बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाटा २०७, जुनी बोलेरो पिकअप, कॅम्पर, सुरुवातीच्या वर्षांतला छोटा हत्ती. या गाड्या आजही पहाटे बाजार समितीच्या गेटवर रांगेत उभ्या असतात. इंजिन दमदार, चेसिस ठणठणीत, पण डॅशबोर्डवर एकतर बंद पडलेला कॅसेटचा डेक असतो नाहीतर प्लॅस्टिकचं रिकामं झाकण. तिथे ब्लूटूथ, यूएसबी, एफएमवाला नवा सेट बसवायचा म्हटलं की जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ही कमाईची गाडी आहे. टेपपायी माल भरलेली गाडी रात्री रस्त्यात उभी राहता कामा नये. आवाजाचं नंतर बघू. त्यामुळे खाली सेटपेक्षा वायर, फ्यूज आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी मायनसची जोडणी) यांच्याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

माझ्या गाडीत कोणत्या मापाचा सेट बसेल?

बहुतेक जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डला सिंगल डिन खाच असते. या सेटचं तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. डबल डिन म्हणजे रुंदी तेवढीच, उंची १००. जुना डेक असेल तर तो काढून खाच मोजपट्टीने मोजा. अंदाजाने सेट आणू नका.

रुंदी-उंची सगळे मोजतात, खोली कुणी मोजत नाही. सेटच्या मागे हीटरचा डबा, वायपरची लिंक किंवा वायरिंगचा जाड जुडगा असतो. सीडीवाला सेट मागे लांब असतो आणि त्यावर कपलर आणि वायरींना आणखी चार बोटं जागा लागते. आता सीडी नसलेले आखूड सेट सर्रास मिळतात. जुन्या पिकअपला तेच घ्या. एकतर मागे जागा राहते, दुसरं म्हणजे खडबडीत रस्त्यावर बिघडायला आत फिरणारा भागच नसतो.

गाडी १२ व्होल्टची की २४ची, कसं ओळखायचं?

वर नावं घेतलेल्या पिकअप १२ व्होल्टच्या आहेत. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेले मोठे ट्रक २४चे असतात. त्यांना साधा सेट थेट लावला की तो तिथेच जळतो. शंका असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. बंद गाडीत १२.४ ते १२.७ आणि चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा दिसला, की गाडी १२ची आणि चार्जिंगही नीट. चालू इंजिनावर १५च्या वर जात असेल तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघून घ्या. सेट त्यानंतर.

मोठी स्क्रीन घ्यावी की साधा बटणांचा सेट?

माझं मत स्पष्ट आहे: मालवाहू पिकअपला साधा सेट, आवाजाला गोल फिरणारं बटण. खड्ड्यांतून जाताना रस्त्यावरची नजर न काढता गोल बटण हाताला सापडतं, काचेवरचं चित्र सापडत नाही. त्यात उभ्या विंडस्क्रीनमुळे ऊन थेट डॅशबोर्डवर येतं, मे महिन्यात स्क्रीन तापते आणि दुपारी काही दिसतही नाही. धूळ वेगळीच. डबल डिनसाठी डॅशबोर्ड कापावा लागत असेल तर अजिबात कापू नका. जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड आता नवे मिळणं अवघड झालं आहे.

एका बाबतीत मात्र मी स्क्रीनच्या बाजूने आहे, ती म्हणजे रिव्हर्स कॅमेरा. हौदा भरला, वर ताडपत्री आली की आतल्या आरशात मागचं काही दिसत नाही. रोज अरुंद गाळ्यात गाडी मागे घ्यावी लागत असेल तर स्क्रीनचा खर्च सार्थकी लागतो.

डब्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलंय. म्हणजे २०० वॉट मिळतात का?

नाही. साधा हिशेब करा. सेटच्या मागे १० किंवा १५ अँपियरचा फ्यूज असतो. १४ व्होल्ट गुणिले १५ अँपियर म्हणजे जास्तीत जास्त २१० वॉट सेटमध्ये शिरतात आणि त्यातला मोठा हिस्सा उष्णता होऊन जातो. चांगल्या कंपनीचा सेट एका चॅनेलला सलग १५ ते २० वॉट देतो. पिकअपच्या लहान केबिनला तेवढा आवाज पुष्कळ झाला. डब्यावरचा मोठा आकडा बघण्यापेक्षा ‘आरएमएस’ (सलग मिळणारी ताकद) पुढचा आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल तर त्या सेटवर फार विश्वास टाकू नका.

जुन्या टेपच्याच वायरी नव्या सेटला जोडल्या तर?

जोडता येतात, पण आधी त्या वायरी कुठून आल्या आहेत ते शोधा. वीस वर्षांच्या गाडीत तीन-चार वायरमनचे हात लागलेले असतात. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारा. वायरी सोलून पिळलेल्या, वर काळी चिकटपट्टी. उन्हाळ्यात त्या पट्टीचा डिंक वितळतो, पट्टी घसरते आणि उघडं तांबं डॅशबोर्डच्या लोखंडी पट्टीपासून बोटभर अंतरावर लोंबत राहतं. असा एकच जोड धक्क्याने गाडीच्या अंगाला लागला, की आधी धूर आणि मग अंधार.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा दहाचा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. जुना सेट काढून जुने पिळलेले जोड कापून टाका आणि टोकं अलग अलग झाकून ठेवा. मग टर्मिनल परत लावा आणि प्रत्येक वायरीवर मल्टिमीटर धरून बघा. चावी बंद असतानाही १२ व्होल्ट येतात ती कायमची. चावी फिरवल्यावर येतात ती इग्निशनची. पार्किंग लाइट लावल्यावर येतात ती डॅशबोर्डच्या दिव्याची. गाडीतल्या वायरीच्या रंगावर जाऊ नका. मधल्या काळात कुणी कोणत्या रंगाचा तुकडा जोडला असेल ते सांगता येत नाही. प्रत्यक्ष जोडणी करताना टर्मिनल पुन्हा काढा.

नव्या सेटच्या बाजूचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी कायमच्या सप्लायची, लाल चावीची, काळी अर्थची, निळी मोटरच्या अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरसाठी, नारिंगी दिव्यासाठी. पुढचे स्पीकर पांढरे (डावा) आणि राखाडी (उजवा), मागचे हिरवे आणि जांभळे. काळी रेघ असलेली प्रत्येकाची मायनस. तरी सेटच्या डोक्यावरचा स्टिकर वाचाच, कारण स्वस्त सेटमध्ये हे रंग पाळलेच जातात असं नाही. जी वायर लागत नाही तिचं टोक एकटं झाकायचं. उरलेल्या सगळ्या एकत्र पिळून टेप मारणं हा सेट जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

जोड थिंबल दाबून किंवा झाळून करा आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा.

पिवळी आणि लाल एकत्र जोडून दिली तर चालतं का? आमच्या वायरमनने तसंच केलंय.

चालतं, आणि म्हणूनच लोक तसं करतात. पण पिवळी आणि लाल दोन्ही बॅटरीवर गेल्या की चावी काढली तरी सेट स्वतःहून झोपत नाही. तो बटणानेच बंद करावा लागतो आणि कधी ना कधी विसरतोच. स्टँडबायवर अर्धा अँपियर खाणारा सेट चोवीस तासांत १२ अँपियर-तास ओढतो. जुनी, दमलेली बॅटरी दोन-तीन दिवस उभ्या गाडीत सहज उतरते.

उलट दोन्ही चावीवर दिल्या तर बॅटरी वाचते, पण चावी काढली की घड्याळ, स्टेशनं, जोडलेला फोन सगळं पुसलं जातं.

योग्य जोडणी साधी आहे. पिवळी वायर फ्यूजमधून बॅटरीवर, लाल चावीवर. सेटची आठवण जपायला पिवळीतून फक्त काही मिलिअँपियर जातात. काही जुन्या पिकअपच्या चावीला ‘ॲक्सेसरी’चा टप्पाच नसतो. तिथे लाल वायर इग्निशनवरच्या एखाद्या फ्यूजच्या पुढच्या बाजूने घ्या, वायपर किंवा मीटरच्या लाइनवरून चालेल. इंजिनाचं डिझेल चालू-बंद करणाऱ्या फ्युएल कटऑफ सोलेनॉइडच्या वायरीला मात्र कधीही हात लावू नका. त्या लाइनचा फ्यूज टेपमुळे उडाला तर इंजिनच बंद पडेल.

सेटला मागे फ्यूज आहे. मग बॅटरीजवळ वेगळा कशाला?

सेटचा फ्यूज सेटला वाचवतो, बॅटरीजवळचा फ्यूज वायर आणि गाडी वाचवतो. बॅटरीपासून केबिनपर्यंत येणारी वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून जाते. तिथे पत्र्याची धार लागून इन्सुलेशन कापलं गेलं, तर सेटचा फ्यूज त्या जागेच्या पुढे असतो. त्याला काही कळतच नाही. वायर लाल होते, शेजारच्या वायरी पेटतात. म्हणून १५ अँपियरचा होल्डरवाला फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात, आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी गोल कडी).

वायर किमान १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, लांब ओढायची असेल तर २.५. फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३०चा टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं, यातून आग लागते. उडणारा फ्यूज कुठेतरी शॉर्ट आहे एवढंच सांगत असतो. तो शोधा.

जुने स्पीकर आणि त्यांच्या वायरी ठेवू का?

फुकटात वाचवण्यासारखं दिसतं, पण नवे सेट सगळ्यात जास्त इथेच जळतात.

जुन्या कित्येक टेपमध्ये स्पीकरला एकच वायर जायची आणि स्पीकरचं दुसरं टोक गाडीच्या अंगाला, म्हणजे बॉडी अर्थला जोडलेलं असायचं. काही ठिकाणी दोन्ही स्पीकरची मायनस एकत्र केलेली असायची. त्या काळच्या सेटला ते चालत होतं. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर करंट खेळतो, म्हणजे मायनस ही अर्थ नसते. ती बॉडीला लागली की आतली आउटपुट आयसी (स्पीकरला ताकद देणारी चिप) तापते. चांगल्या सेटमध्ये संरक्षण असतं, आवाज बंद होतो. स्वस्त सेटमध्ये आयसी उडते आणि दुकानदार वॉरंटी नाकारतो.

तपासणं सोपं आहे. सेट जोडलेला नसताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक स्पीकरच्या वायरीला, दुसरं केबिनच्या उघड्या पत्र्याला. कोणत्याही वायरीवर रीडिंग आलं तर ती बॉडीला लागली आहे. मग डाव्या स्पीकरची एक आणि उजव्याची एक अशी जोडी तपासा. तिथेही काही दिसता कामा नये. एकाच स्पीकरच्या दोन टोकांवर मात्र साधारण ३ ते ४ ओहम यायला हवेत. जराही गडबड दिसली तर दोन्ही बाजूंना नव्या दोन-दोन वायरी ओढून टाका. पाऊण ते एक चौरस मिलिमीटरची जोडवायर पुरते.

प्लस-मायनस खुणा गेल्या असतील तर स्पीकरच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. स्पीकरचा कागद बाहेर ढकलला गेला तर सेलचं प्लस टोक ज्याला लागलं तेच स्पीकरचं प्लस. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही वाजतात, पण ढोलकीचा ठेका पोकळ होतो. ‘आवाजात दम नाही’ अशी तक्रार अनेकदा इथे मिटते.

आणि एका चॅनेलला दोन स्पीकर समांतर जोडू नका. ४ ओहमचे दोन मिळून २ ओहम होतात. बहुतेक सेटना एवढा भार झेपत नाही.

स्पीकर बसवायचे कुठे?

दारात जागा असली तर तीच चांगली, पण आधी काच पूर्ण खाली करून बघा. स्पीकरचा चुंबक काचेला किंवा तिच्या यंत्राला अडत असेल तर चार इंची घ्या किंवा खाली रिंग टाका. पावसाळ्यात दाराच्या आतून पाणी वाहतं, म्हणून स्पीकरच्या डोक्यावर प्लॅस्टिकची झालर लावा आणि दाराच्या तळाची पाण्याची भोकं मोकळी ठेवा. दार उघडताना वायर जिथे वाकते तिथे रबरी नळी हवीच.

दारात जागाच नसेल तर सीटमागच्या भिंतीवर, कानाच्या खालच्या उंचीला. उघडा स्पीकर नुसत्या पट्टीवर टांगला तर खालचा आवाज निघत नाही, त्याला मागून बंद डबा लागतो. डॅशबोर्डवर मोठे ओव्हल स्पीकर ठेवलेले दिसतात. ते ठेवू नका. समोरचं दिसणं अडतं आणि जोरात ब्रेक लागला तर ते पुढे उडतात.

इंजिन चालू केलं की आवाजाबरोबर ‘कुंईऽऽ’ येतं. रेस वाढवली की तेही वाढतं.

हा अल्टरनेटरचा आवाज. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नाहीत, त्यामुळे संशयित कमी आहेत.

आधी फोन चार्जरमधून काढा. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा ऑक्स केबलचा. ब्लूटूथवर गाणी लावा, त्रास मिटतो. तरीही राहिला तर अर्थ बघा. सेटची काळी वायर डॅशबोर्डच्या कुठल्यातरी स्क्रूला अडकवलेली असते आणि तो स्क्रू रंगावर किंवा प्लॅस्टिकवर बसलेला असतो. बॉडीच्या जाड पत्र्यावर एक बोल्ट निवडा. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासा, पांढरं लखलखीत लोखंड दिसेपर्यंत. वायरीला गोल थिंबल, खाली दातेरी वॉशर, घट्ट नट आणि वरून पेट्रोलियम जेली, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. वायपर किंवा ब्लोअरच्या मोटरचा अर्थ जिथे आहे तो बोल्ट नको.

मग सेट मोठ्याने वाजवत, हेडलाइट लावून, सेटचं लोखंडी अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ उत्तम. जास्त येत असेल तर इंजिन आणि चेसिसमधली जाळीची अर्थ पट्टी तपासा, जुन्या गाडीत ती अर्धी तुटलेली निघते. हे सगळं ठीक असूनही आवाज राहिला तर चालू इंजिनावर बॅटरीवर मीटर एसीवर लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. तो आज टेपमध्ये ऐकू येतोय, उद्या चार्जिंग बंद करेल.

एफएम खरखरतं. सेट खराब आहे का?

बहुतेक वेळा अँटेना. तिचा पाया पत्र्याला घट्ट लागलेला हवा, खाली गंज नको, आणि जॅक सेटमध्ये पूर्ण बसायला हवा. स्वस्त चार्जरही एफएम बिघडवतो, तो काढून बघा. माळशेज किंवा कसारा घाटात स्टेशन जातं त्याला इलाज नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं.

परदेशातून कुणी भेट दिलेला सेट असेल तर सेटिंगमध्ये देश बदला. अमेरिकेच्या सेटिंगवर एफएम ०.२च्या उड्या मारतं आणि फक्त विषम दशांशावर थांबतं, म्हणून मुंबईचं १०६.४ त्यावर नीट लागत नाही. मीडियम वेव्हवरही तिथे १०ची पायरी, आपल्याकडे ९ची. पुणे आकाशवाणीच्या ७९२वर तो सेट पोचतच नाही.

घाटासाठी पेनड्राइव्ह बरा. तो ३२ जीबीपर्यंतचा आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. मोठे पेनड्राइव्ह अनेक सेट वाचत नाहीत.

सेल्फ मारला की सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

सेल्फ मारताना चावीची लाइन कापली जात असेल तर हे साहजिक आहे. पण त्याच वेळी घड्याळही शून्यावर जात असेल तर बॅटरीचा व्होल्टेज फार खाली कोसळतोय. सेल्फ मारताना मीटर बघा. १० व्होल्टच्या खाली जात असेल तर टर्मिनल साफ करा, तरीही फरक नसेल तर बॅटरी दाखवा.

सकाळी बॅटरी उतरलेली असते. दोष टेपचाच का?

मोजल्याशिवाय टेपवर आळ घेऊ नका. सगळं बंद करा, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर १० अँपियरच्या रेंजवर मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना हीटर लावायचा नाही, सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. अशा गाडीत ५० मिलिअँपियरच्या आत आकडा ठीक आहे. जास्त असेल तर टेपचा फ्यूज काढा. आकडा पडला तर टेप, नाही पडला तर एकेक फ्यूज काढत जा. केबिनचा दिवा, जीपीएस ट्रॅकर, मागाहून लावलेला हॉर्नचा रिले, यांतलंही काही निघू शकतं.

खड्ड्यांनी सेट पुढे येतो, खडखडतो.

पाटे असलेल्या गाडीत सेट नुसत्या पुढच्या पिंजऱ्यावर (खाचेत बसणाऱ्या पत्र्याच्या चौकटीवर) टिकत नाही. पिंजऱ्याच्या पत्र्याच्या जिभा चारही बाजूंनी वाकवा आणि सेटच्या मागच्या बोल्टला लोखंडी पट्टी लावून ती डॅशबोर्डच्या आतल्या सांगाड्याला कसा. ही पट्टी डब्यात येते आणि बरेच वायरमन ती फेकून देतात. मागून वायरींचा भारही कपलरवर येऊ देऊ नका, टायने बांधा.

ब्लूटूथवर बोलताना समोरच्याला काही ऐकू जात नाही.

सेटमधला माइक डॅशबोर्डवर, इंजिनाच्या आवाजात असतो. बाहेरचा माइक लावता येणारा सेट घ्या आणि तो माइक सनव्हायझरजवळ, ब्लोअरच्या झोतापासून दूर लावा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरणं धोकादायक वाहन चालवण्यात गणलं जातं. पण माइक असला तरी लांब बोलणं असेल तर गाडी बाजूला घ्या, माल दहा मिनिटं उशिरा पोचला तरी चालेल.

हौद्यात मोठे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर लावायचेत. याच सेटवर चालतील?

सेट फक्त सिग्नल देईल. ॲम्प्लिफायरला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र फ्यूज आणि तेवढाच जाड अर्थ लागतो. सेटची निळी-पांढरी वायर त्याला चालू-बंद करते. बॅटरी आणि अल्टरनेटरची ताकद मात्र तीच राहते. १४ व्होल्टवर ५०० वॉट खरोखर ओढायचे तर ३५ अँपियरच्या वर करंट लागतो. रात्री हेडलाइट लावून, गाडी जागेवर उभी ठेवून असं वाजवलं तर बॅटरीतूनच जाणार. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. मिरवणुकीच्या कामासाठी जनरेटरवाली वेगळी व्यवस्था भाड्याने घ्या. रोज भाजी वाहणाऱ्या गाडीच्या वायरिंगवर हा भार टाकू नका.

वायरमनकडून बसवून घेतोय. गाडी ताब्यात घेताना काय बघू?

बॅटरीजवळ फ्यूज दिसतो का. फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट आहे का. सेट हाताने ओढून हलतो का. चावी काढल्यावर सेट आपोआप बंद होतो का, आणि पुन्हा लावल्यावर घड्याळ बरोबर आहे का. इंजिन चालू करून, हेडलाइट, वायपर, हॉर्न, इंडिकेटर एकेक लावून बघा. टेप बसवताना शेजारची एखादी वायर निसटलेली असू शकते, आणि ती रात्री हायवेवर कळण्यापेक्षा दुकानाच्या दारात कळलेली बरी. कॅसेटचा जुना डेक आणि काढलेलं झाकण मागून घ्या. जुन्या गाडीचं मूळ सामान शोधणारे लोक पुण्याच्या नाना पेठेत आजही फिरताना दिसतात.